सव्वा ब्रास माती

10 जुलै 2024 रोजी सकाळी 7 वाजून 14 मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचा भूकंप झाला आणि तो शेजारच्या वाशिम जिल्ह्यातही जाणवला. त्याआधी 21 मार्चला सकाळी सहाच्या सुमारास तेवढ्याच तीव्रतेचा एक धक्का बसला होता, आणि दहा-अकरा मिनिटांत 3.6 चा दुसरा. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरातले लोक तर कित्येक वर्षं जमिनीखालचे आवाज ऐकत आलेत. रिसोड तालुक्यातलं केनवड या सगळ्यापासून फार लांब नाही आणि अगदी जवळही नाही. भूकंपाच्या नकाशात ते झोन दोनमध्ये येतं, म्हणजे सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात. अशा गावात भूकंपाची काळजी किती करायची आणि कुणाच्या पैशानं, हा प्रश्न मला हिमालयातल्या प्रश्नापेक्षा अवघड वाटतो. तिथं निदान काळजी करायची की नाही यावर वाद नाही.

पुढचे मामा आणि भाची मी रचलेले आहेत. मामा साठीकडे झुकलेला गवंडी. किल्लारीच्या भूकंपानंतर तिकडे पुनर्वसनाची कामं निघाली तेव्हा टोळीबरोबर जाऊन आलेला. भाची पुण्यात स्ट्रक्चरल डिझाइनच्या कामावर, गावी चार दिवस सुट्टीला. दोघं उभे आहेत ते आजीच्या धाब्याच्या घरासमोर. मागच्या अंगाला मामाच्या हातचं एक घरकुल चढतंय. कॉलमच्या सळया उघड्या आहेत.

मामा : आल्यापासून त्या भिंतीकडेच पाहून राह्यली तू. भिंत नाई पाह्यली का कधी?

भाची : दोन फूट जाड आहे ना ही? आतली रांग वेगळी, बाहेरची वेगळी, मधे भर.

मामा : तशीच असते. दोन्ही आंगाले तोंडाचे दगड, मधात चिपा अन् माती. माह्या आज्यानं बांधली. इतके पावसाळे काढले तिनं.

भाची : पाऊस वरून येतो, मामा. भूकंप आडवा येतो. किल्लारीला नेमक्या अशाच भिंती होत्या.

मामा : किल्लारीचं तू मले सांगू नको. तू तं जन्मलीबी नव्हती. गणपती बुडवून लोक निजले अन् पहाटे चारच्या आत सारं संपलं. आम्ही गेलो तवा ढिगारे तसेच होते. भिंती मधातून उकलल्या, अर्धी आत, अर्धी भाईर. अन् धाब्याची माती सरळ निजलेल्यांच्या आंगावर. दगडापरीस मातीनंच जास्त जीव गेले, असं तिथले लोक सांगायचे.

भाची : मग आजी कशी काय निजते याखाली?

मामा गप्प राहिला. भाचीनं पुढचा हिशेब त्याच्याच तोंडून करून घेतला. खोली दहा बाय बाराची. वर माती किती? फूटभर असन, मामा म्हणाला. मिरगाच्या आधी दरसाली टोपली-दोन टोपल्या पांढरी माती टाकावीच लागते, नाहीतर गळतं. म्हणजे किती झाली? एकशेवीस घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास. ‘सव्वा ब्रासच्या जवळ,’ मामा म्हणाला, आणि मग स्वतःच धाब्याकडे पाहू लागला. एवढी माती म्हणजे पाच टनांच्या वर वजन. गळती थांबवायला पिढ्यान्‌पिढ्या टाकलेल्या टोपल्यांची ही बेरीज. एका वर्षाची टोपली कुणाला कधी जड वाटली नाही.

भूकंपात जमीन सरकते आणि घराचं वजन होतं तिथंच राहू पाहतं. वजन जितकं जास्त, तितका भिंतींवर आडवा ताण जास्त. झोन दोनसाठी आपल्या संहितेचा हिशेब लावला तर अशा बुटक्या दगडी घरावर त्याच्या वजनाच्या साधारण बाराव्या हिश्शाएवढं आडवं बळ धरावं लागतं. वर पाच टन असले तर नुसत्या छताचे चारशे किलो आडवे ढकलतात, तेही एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. मातीत बसवलेल्या, आरपार दगड नसलेल्या भिंतीला एवढंही पेलतं की नाही, याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

मामा : बरं, काढली माती. वर काय टाकू, टिन? मे महिन्यात इकडे पारा चव्वेचाळीसच्या वर जाते. बुढीले टिनाखाली एक दुपार निजवून पाहाय. भूकंप येईन तवा येईन, ऊन तं दरसाली येते.

इथं मला मामाची बाजू घ्यावीशी वाटते. भूकंपाचे तज्ज्ञ छत हलकं करा म्हणतात, उष्णतेचे तज्ज्ञ जाड ठेवा म्हणतात, आणि दोघांची पुस्तकं वेगवेगळ्या कपाटांत असतात. म्हातारीला मात्र दोन्ही एकाच खाटेवर सोसायचं असतं. मराठवाड्यात आणि वऱ्हाडात माती धाब्यावर आली ती अडाणीपणानं आलेली नाही. लाकूड, माती आणि पांढरीची जागा हाताशी होती, आणि घर थंड राहत होतं.

भाची : टिन टाका असं मी म्हणतच नाहीये. वरचे थर उतरवा, सहा इंच ठेवा, मधे जाड प्लास्टिकचा कागद घाला म्हणजे गळणार नाही आणि दरवर्षी नवी टोपलीही लागणार नाही. निम्मं वजन गेलं. उन्हाचं जे काही वाढेल त्यासाठी वरून चुना मारा.

मामा : हे झालं कामाचं बोलनं.

भाची : आणि खांब? हे सागाचे खांब भिंतीत आहेत की मोकळे?

मामा : भिंतीलगत हायेत. तुळया खांबावरच हायेत, भिंतीवर नाई. तिकडे किल्लारीकडेबी काही घरं अशी होती. भिंत पडली पन खांब-तुळई उभी राह्यली, माती वरच राह्यली. त्या घरातले लोक वाचले.

भाची : बरोबर, कारण तिथं छताचा भार लाकडावर होता. पण जिथं खांब आणि तुळई यांचा सांधा सैल झाला होता तिथं सगळंच बसलं. तुमच्या या सांध्यात काय आहे? नुसतं कुसू आणि खाच. एका कोपऱ्यात तिरपा टेकू नाही. प्रत्येक कोपऱ्यात दोन तिरप्या दांड्या आणि बोल्ट, एवढं केलं तरी चौकट आडवी हलताना मोडायची नाही.

मामा : सुताराचं एका दिवसाचं काम हाये ते.

एवढ्यावर दोघांचं जमलं असं वाटलं, पण नाही. मामाला वजनाचा हिशेब पटला होता. भीती पटली नव्हती.

मामा : मले एक सांग. तुह्या पुस्तकात आपलं गाव कमी धोक्याचं लिहेल हाये का नाई? मंग सरकारच म्हनते का इथं काही होत नाई, तं तू काहून लोकाले भेव दाखवते?

भाची : किल्लारी तर त्याहून खालच्या झोनमध्ये होती. झोन एकमध्ये. तेव्हा पाच झोन होते आणि एक म्हणजे सगळ्यांत सुरक्षित.

हे खरं आहे आणि ते अनेकदा सांगायला हवं. 1967 च्या डिसेंबरात कोयनेला भूकंप झाला, सुमारे 180 माणसं गेली. त्यानंतर 1970 मध्ये नकाशा बदलला. 1993 च्या 30 सप्टेंबरला किल्लारीला 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला, लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून आठ ते दहा हजार माणसं गेली. त्यानंतर 2002 मध्ये नकाशा पुन्हा बदलला, झोन एक रद्दच झाला आणि किल्लारीचा पट्टा झोन तीनमध्ये गेला. दख्खनच्या या दगडात भूकंप क्वचित होतात, म्हणून नोंदी कमी. नोंदी कमी म्हणून धोका कमी दिसतो. नकाशा काढणाऱ्यांचा हा दोष नाही. हजार-दोन हजार वर्षांतून एकदा हलणाऱ्या भेगेसाठी शंभर वर्षांची नोंदवही तोकडीच पडणार.

भाची : आणि किल्लारीच्या आदल्या वर्षी, 1992 मध्ये, तिथं छोटे छोटे धक्के बसत होते. लोक घाबरले होते. धक्के ओसरले, लोक घरात परत निजायला लागले. आता हिंगोलीकडे काय चाललंय?

मामा : मंग डहाणू-तलासरीकडे? तिथं 2018 च्या नोव्हेंबरपासून धक्क्यावर धक्के बसले म्हनतात. लोक थंडीत तंबूत निजले. काय झालं पुढं? काहीच नाई. तू मले फकस्त एकच गोष्ट सांगते, दुसरी नाई सांगत.

भाची : खरंय. छोट्या धक्क्यांमागून मोठा येईलच असं नाही. बहुतेक वेळा येत नाही. येणार की नाही हे आज कुणालाच सांगता येत नाही.

मामा : मंग?

भाची : हिंगोलीचा साडेचारचा. किल्लारीचा सहा पूर्णांक दोनचा. आकड्यात फरक थोडा दिसतो, पण ऊर्जेत साडेतीनशेपट आहे. मी एवढंच म्हणते, की कधी येईल हे माहीत नसताना करता येण्यासारखी एकच गोष्ट आहे : घर.

मामा : घर, घर! हे पाय, या गावात दहा माणसाले इचार, पैसा असन तं काय करशीन? कोनी बोअर म्हनन, कोनी पोरीचं शिक्षन. रस्त्यावर दर महिन्याले कोनी ना कोनी मरते. शेतात वीज पडते, साप चावते. अन् तू हजार वर्षातून एकदा येनाऱ्याचं सांगून राह्यली. माह्या टोळीतल्या पोराले तू हे पटवून दाखव.

भाचीला या प्रश्नाचं उत्तर लगेच सुचलं नाही, आणि मला वाटतं सुचायलाही नको होतं. अभियांत्रिकीच्या परिषदांत हा प्रश्न क्वचितच इतक्या उघडपणे विचारला जातो. मर्यादित पैसा आणि शंभर धोके यांतला भूकंप हा एक. पण मामाचं बोलणं एका ठिकाणी घसरतं : तो जुन्या घराचा आणि नव्या घराचा खर्च एकाच तराजूत घालतो. भाचीनं तेच पकडलं.

भाची : चला, मागच्या घरकुलाकडे. हे पावणेतीनशे चौरस फुटांचं, पंधरा बाय अठरा. बाहेरच्या भिंती सहासष्ट फूट, मधली पंधरा. एक्याऐंशी फूट. जोत्यावर एक पट्टा, खिडकी-दाराच्या वर एक. आठ मिलीच्या दोन सळया सगळीकडून फिरवल्या तर एका पट्ट्याला लोखंड किती?

मामा : (बोटांवर मोजत) पन्नास मीटर सळई... वीस किलो. रिंगा धरून थोडं जास्त.

भाची : आणि काँक्रीट नऊ इंच बाय तीन इंच. पंधरा-सोळा घनफूट. लिंटेल तुम्ही दारा-खिडक्यांवर टाकताच. तोच तुटक तुटक न टाकता चारी भिंतींवरून फिरवायचा. हे बोअरच्या आड येतं का? पोरीच्या शिक्षणाच्या आड येतं?

मामा : नाई येत. पन घरकुलाचे मूळ एक लाख वीस हजार. तेबी हप्त्यानं. मालक आधीच उसने घेऊन बसला. त्याले वीस किलोबी दिसते.

भाची : दिसू दे. पण तो खर्च जुनं घर मजबूत करायच्या खर्चाएवढा नाही. नवं घर बांधताना जे हजारांत होतं ते नंतर करायला गेलं की लाखावर जातं.

आडव्या पट्ट्याची ही कल्पना नवी नाही. 1931 मध्ये बलुचिस्तानात माच इथं भूकंप झाला. त्यानंतर नॉर्थ वेस्टर्न रेल्वेतल्या एस. एल. कुमार या तरुण अभियंत्यानं क्वेट्ट्यात रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी भूकंप सोसतील अशी घरं बांधली. 1935 च्या मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी पहाटे क्वेट्टा जमीनदोस्त झालं. ती घरं उभी राहिली. म्हणजे भारतीय उपखंडाला हे नव्वद वर्षांपासून माहीत आहे. 1960 मध्ये रुरकीला जय कृष्ण यांच्या पुढाकारानं भूकंप अभियांत्रिकीची शाळा निघाली, आनंद आर्य आणि इतरांनी साध्या दगड-मातीच्या घरांसाठीसुद्धा मानकं लिहिली. गवंड्याच्या ओट्यावर ती पोचली का, हे मामाला विचारा.

मामा : कोनतं पुस्तक? मले तं किल्लारीकडे एका साहेबानं दाखवलं, का भिंतीत दर चार फुटावर आरपार दगड टाकाचा, अन् दोन फूट उंचीवर पुन्हा. ते मी शिकलो. इकडे आल्यावर कोनी इचारलंबी नाई.

भाची : आणि इथल्या कॉलमच्या रिंगा? हे हुक बघा, काटकोनात मोडलेत. जोरात हललं की उघडतील आणि आतलं काँक्रीट भुगा होऊन बाहेर येईल. हुक आत वळवायचा, एकशेपस्तीस अंशात.

मामा : तुह्या त्या संहितेत झोन दोनले हे सक्तीचं हाये का?

भाची : (जरा थांबून) नाही. तीन, चार आणि पाचला सक्तीचं. दोनला ऐच्छिक.

मामा : झालं तं मंग!

भाची : झालं नाही. सक्ती नसली तरी हुक आत वळवायला पैसा लागत नाही, फक्त एक जादा वाकवणं. लोकांचा समज असा झालाय, की कॉलम उभे केले की घर पक्कं. 2001 ला भूजच्या भूकंपात दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत कॉलमच्याच इमारती कोसळल्या, खाली गाड्या लावायला मोकळा मजला ठेवलेल्या. दगडाची भीती वाटून लोक काँक्रीटकडे आले आणि वाईट काँक्रीट घेऊन बसले.

मामा : मंग काय करू? कॉलम काढून टाकू?

भाची : आधी भिंत बांधा, कडेला दाते सोडा, आणि मग त्या दात्यांत बारीक कॉलम भरा. भिंत आणि कॉलम एकमेकांना धरून राहतात. गांधीनगरच्या आयआयटीनं आपल्या आवारातल्या इमारती अशाच बांधल्या आहेत.

मामा : (हसून) अव माय! आम्ही सेंटरिंगचा पैसा वाचवाले तसंच करतो अन् साहेब आला का शिव्या देते. आता आयआयटीवाले करते तं बरं झालं.

हे ऐकून मलाही हसू आलं. पण भाची म्हणाली तसं, नुसतं दाते सोडून भागत नाही. जोत्यावर आणि छताखाली आडवा पट्टा आणि त्या पट्ट्यात कॉलमच्या सळया गुंतवायला हव्यात. अर्धी रीत पाळली तर ती रीत नव्हे.

यानंतर बोलणं भविष्याकडे वळलं, आणि तिथं भाचीचे डोळे चमकले. तिनं भूजच्या रुग्णालयाबद्दल सांगितलं : 2001 मध्ये जुनं सरकारी रुग्णालय कोसळलं, जखमींवर उघड्या मैदानात उपचार झाले, आणि त्या जागी रबर-शिशाच्या गाद्यांवर उभं असलेलं नवं रुग्णालय बांधलं गेलं, देशातलं त्या प्रकारचं पहिलं. जमीन खालून सरकते, इमारत वर जवळजवळ शांत राहते. तिनं क्राइस्टचर्चबद्दलही सांगितलं. 2011 मध्ये तिथल्या बहुतेक आधुनिक इमारती पडल्या नाहीत, माणसं वाचली, पण शेकडो इमारती इतक्या मोडल्या की पाडाव्या लागल्या आणि शहराचा मध्यभाग दोन वर्षांहून जास्त बंद राहिला. म्हणून आता जगभर विचार चाललाय तो नुसत्या जिवाच्या पुढचा : भूकंपानंतर दवाखाना त्याच दिवशी, शाळा महिन्याभरात चालू व्हायला हवी. मग तिनं इशाऱ्याच्या यंत्रणेचा विषय काढला.

मामा : किती सेकंद आधी?

भाची : भूकंपाचं केंद्र इथून ऐंशी किलोमीटरवर धरलं तर पहिली, सौम्य लाट आणि दुसरी, नुकसान करणारी लाट यांत नऊ-दहा सेकंदांचं अंतर. त्यातले काही यंत्राला जातील. जपानमध्ये 2007 पासून सर्वसामान्यांसाठी हे चालू आहे. आगगाड्या थांबतात, गॅस बंद होतो.

मामा : बुढी खाटेवरून पाय खाली टेकवेलोक तेवढे सेकंद जातात. अन् किल्लारीसारखा पायाखालीच आला तं?

भाची : तर काहीच मिळत नाही. केंद्राच्या वरच्या गावाला इशारा नसतो.

मामा : मंग हे शहराले.

भाची : शहराला, रेल्वेला, धरणाला. कोयनेजवळ गोठण्याला तीन किलोमीटर खोल भोक पाडून भूकंप जिथं जन्माला येतो तिथलं मोजायचं काम चाललंय. असं कुठंतरी करावंच लागतं, मामा. त्याशिवाय समजणार कसं?

मामा : जमिनीत तीन किलोमीटर भोक पाडाले पैसा हाये, अन् या भिंतीत दोन फुटाचं भोक पाडून आरपार दगड बसवाले नाई.

हे वाक्य टाळ्या घेणारं आहे, पण पुरतं न्याय्य नाही. कोयनेचं संशोधन थांबवून तो पैसा केनवडच्या भिंतीत येणार नाही. तरीही मामानं बोट बरोबर जागी ठेवलंय. आजवर भूकंप अभियांत्रिकीची जी प्रगती झाली, तिचा मोठा भाग पुढे बांधायच्या इमारतींसाठी आहे. माणसं मात्र आधी बांधलेल्या घरांत मरतात. 2003 च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियात सॅन सिमियनजवळ 6.5 चा भूकंप झाला, म्हणजे किल्लारीपेक्षा मोठा. मृत्यू दोन. आणि ते दोन्ही पासो रोबल्स गावातल्या एका जुन्या, मजबूत न केलेल्या विटांच्या इमारतीपाशी झाले. 2024 च्या पहिल्याच दिवशी जपानच्या नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला. इतक्या पुढारलेल्या देशात जी घरं बसली त्यांतली पुष्कळशी जुनी, लाकडी, वर जड कौलांची होती आणि आत बहुतेक म्हातारी माणसं होती. मुलं शहरांत. घर मजबूत करायला सरकारी मदत होती, पण आपल्यामागं इथं कोण राहणार, म्हणून म्हाताऱ्यांनी ती घेतली नाही. हे वाचताना मला वऱ्हाडातली शेकडो धाबी आठवतात.

आपल्याकडेही जुन्या घरांसाठी एकदा मोठा प्रयत्न झाला. किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या कर्जातून जो पुनर्वसन कार्यक्रम राबवला गेला त्यात 52 गावं पूर्णपणे नव्या जागी हलवली, आणि तेरा जिल्ह्यांत सुमारे दोन लाख घरांना दुरुस्ती आणि मजबुतीसाठी मदत देण्याचं ठरलं. गावोगावी बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं, त्यांनी घरोघरी फिरून सिमेंटचं प्रमाण, कोपऱ्यातल्या सळया, पट्टा हे सगळं समजावलं. हा भाग मला पुनर्वसित गावांच्या सरळ रस्त्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. पण पुष्कळ घरमालकांनी त्या पैशात जुन्या भिंतीला हात न लावता शेजारी एक नवी खोली उभारली.

मामा : कोनीबी तेच करन. जुन्या भिंतीत पैसा टाकला तं दिसते का? खोली दिसते.

भाची : आणि निजायचं कुठं?

मामा : नव्या खोलीत धान्य, जुन्या घरात मानसं. (दोघंही हसतात.) नाई, नाई, काही लोक नव्या खोलीत निजायचे. तेबी बरंच झालं म्हन.

मग तपासणीचा मुद्दा आला. घरकुलाचा प्रत्येक हप्ता सोडायच्या आधी टप्प्याचा फोटो मोबाइलवरून, जागेच्या खुणेसह चढवावा लागतो. जोतं झालं, भिंत आली, छत पडलं. भाचीचं म्हणणं असं, की याच फोटोंत आणखी दोन घाला : काँक्रीट ओतण्याआधी पट्ट्याच्या सळयांचा एक आणि रिंगेच्या हुकाचा एक. नवीन यंत्र नको, नवीन कायदा नको. पुढेमागे असे लाखो फोटो संगणकालाही तपासता येतील. मला ही कल्पना गाद्यांवरच्या रुग्णालयापेक्षाही मोठी वाटली.

मामा : फोटो कोन पाहीन? आता जे चढवतात ते कोन पाह्यते? तुर्कस्तानात का फोटो नव्हते?

भाची : तुर्कस्तानात नियम उत्तम होते. पाळले गेले नाहीत, आणि बेकायदा बांधकामं दंड भरून नियमित करून घ्यायची सोयही दिली होती. 2023 च्या फेब्रुवारीत पन्नास हजारांच्या वर माणसं गेली.

मामा : मंग नियम नको, हात पाह्यजे. ज्याच्या हातानं घर होते तो शिकला पाह्यजे.

भाची : नेपाळनं ते केलं. काठमांडूच्या खोऱ्यात 2015 च्या आधी कितीतरी वर्षं गावातलेच गवंडी शिकवून शाळा मजबूत करून घेतल्या. भूकंपात त्या शाळा टिकल्या. पण मामा, शिकलेला हात मालकानं घाई केली की काय करतो? तुम्हीच सांगितलं, आरपार दगड शिकून आलात आणि इकडे टाकले नाहीत.

मामा : कोनी इचारलं नाई म्हनून.

भाची : म्हणूनच विचारणारा लागतो. फोटो म्हणजे विचारणं.

या ठिकाणी दोघांपैकी एकाला बरोबर ठरवण्याचा मोह मी आवरतो, पण माझं मत लपवत नाही. हात आधी, फोटो नंतर; हात शिकलेला नसेल तर फोटोत चुकीचंच दिसेल आणि तेही मंजूर होईल. तालुक्याच्या ठिकाणी गवंड्यांना मजुरी देऊन आठवडाभर शिकवणं, हे मला पुढच्या दहा वर्षांतलं सगळ्यांत मोठं भूकंप अभियांत्रिकीचं काम वाटतं. भाचीच्या कार्यालयातल्या कुणालाही हे काम वाटणार नाही. त्यात शोधनिबंध निघत नाही.

आता आजीच्या घराचं काय, हे ठरायचं होतं. माती उतरवायची, हे मामानं मान्य केलं. सोयाबीन निघालं की मजूर मोकळे होतील, पाऊसही उघडलेला असेल. कोपऱ्यांत तिरप्या दांड्या, हेही ठरलं. अडलं ते भिंतीतल्या आरपार बंधावर.

मामा : जुन्या भिंतीत भोक पाडलं अन् तीच बसली तं? मातीत बसवेल हाये ती.

भाची : एका वेळी एकच भोक. दुसरं लगेच शेजारी पाडायचं नाही. दगड हलवून हलवून काढायचा, हातोडा नाही. आरपार गेलं की दोन्ही टोकांना हुक असलेली सळई घालायची आणि काँक्रीट भरायचं. ते सुकेपर्यंत शेजारी हात लावायचा नाही. नंतर खिडकीच्या वर आत-बाहेर जाळीची पट्टी, सिमेंटमध्ये.

मामा : किती भोकं?

भाची : या खोलीला तीस-चाळीस होतील.

मामा : अन् तू किती दिवस हाये?

भाची : परवा जाणार.

मामा : एका भिंतीले पंधरा दिवस. तू परवा जाशीन अन् भोक पडल्यावर भिंत हलली का मी कोनाले फोन लावू? ते काही नाई. तू मले कागदावर लिहून दे, चित्र काढून. मराठीत. अन् मिलिमीटर नको, सूत-इंचात.

भाची : सळई आठ मिली.

मामा : म्हंजे अडीच सूत. ते मले ठाऊक हाये. हुक किती लांब?

भाची : रिंगेच्या हुकाला नियम आहे : जाडीच्या सहापट, पण पासष्ट मिलीपेक्षा कमी नाही. भिंतीतल्या सळईलाही तेवढाच ठेवू.

मामा : म्हंजे?

भाची : अडीच इंच आणि वर थोडं.

मामा : थोडं म्हंजे किती?

भाची : अर्धा सूत.

मामा : मंग तीन इंच लिही. अर्धा सूत कोनी मोजत नाई.